यवतमाळला जाताना लागणारा दिवा

सरांनी गाडी गॅरेजसमोर लावली, पण किल्ली फिरवून बंद केली नाही. काच खाली करून त्यांनी मिस्त्रींना हाक मारली आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांकडे बोट दाखवलं. "पाहा भाऊ, गायब! परवा सकाळी यवतमाळले जाताना लागली. काल दिवसभर होती. आज तुमच्याकडे आणाची म्हटलं तं विझली."

जी तक्रार दाखवताच येत नाही, ती सांगताना माणूस ओशाळतो. सरही ओशाळले होते. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दोनदा गाडी दाखवली होती. पहिल्या वेळी कोड उडवून दिला आणि थ्रॉटल साफ करून दिला. दुसऱ्या वेळी हवेच्या दाबाचा सेन्सर बदलला. पुढचे पाच दिवस दिवा लागला नाही. सहाव्या दिवशी, तीच सकाळ, तोच चढ, पुन्हा इंजिनचं ते पिवळं चित्र.

मार्चचा पहिला आठवडा होता. घाटंजीत दुपारी ऊन चटका देऊ लागलं होतं, वाघाडी नदीचं पात्र आक्रसत चाललं होतं आणि गॅरेजच्या पत्र्याखाली सकाळी दहालाच घाम फुटत होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. स्कॅनरची पेटीही काढली नाही. एक खुर्ची ओढून सरांना बसवलं, पोराला चहा सांगायला पाठवलं आणि विचारलं, "सर, पयल्यांदा कधी लागली ते सांगा. अंदाजे नाही, आठवून."

मधूनच लागणाऱ्या दिव्याचं निदान अशा खुर्चीतच सुरू होतं. गाडीत कायम असलेला दोष मिस्त्रीला हाताने सापडतो, कारण तो पळून जात नाही. येणारा-जाणारा दोष मात्र मालकाच्या आठवणीत राहतो. तो कधी येतो, कुठे येतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, टाकीत पेट्रोल किती होतं, गाडीत माणसं किती होती, हे सगळं एकाच माणसाला माहीत असतं, आणि बहुतेक वेळा त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

मिस्त्री यवतमाळच्या आयटीआयचे. मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड त्यांनी केला तो कार्ब्युरेटरच्या काळात. तेव्हा गाडी बिघडली की कान लावायचा, सायलेन्सरचा वास घ्यायचा, प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, बॉनेटखाली संगणक आला आणि त्यांच्या वयाच्या अनेकांनी छोट्या गाड्या हातात घेणं सोडून ट्रॅक्टर आणि जुन्या जीपवर समाधान मानलं. मिस्त्रींनी सोडलं नाही. त्यांनी आधी एक साधा मल्टिमीटर घेतला, मग फोनला जोडायचा ब्लूटूथचा छोटा डबा, आणि त्यानंतर उधारी करून एक बऱ्यापैकी स्कॅनर. तरी आजही त्यांचं पहिलं हत्यार प्रश्न हेच आहे. ही सवय प्लगचा रंग पाहण्याच्या दिवसांतून आलेली असावी. तेव्हाही गाडी बोलत नव्हती, माणूसच बोलत होता.

सर रोज घाटंजी-यवतमाळ अपडाउन करतात. सकाळी जाणं, संध्याकाळी येणं. दिवा पहिल्यांदा लागला तो डिसेंबरमध्ये, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्याच दिवशी शाळेत परीक्षा सुरू होती आणि गाडी चढावर मंदावल्याने त्यांना उशीर झाला होता. पिकअप गेलं, गाडीने दोन झटके दिले, दिवा लागला. बंद करून पुन्हा चालू केली तर गाडी बरी, दिवा मात्र तसाच. दोन दिवसांनी आपोआप विझला.

"येतानी कधी लागली का?"

सर थांबले. हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. "नाही... येतानी नाही. काऊन?"

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. यवतमाळ पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटरवर, आणि घाटंजी खालच्या अंगाला. जाताना गाडी चढते, येताना उतरते. जाताना इंजिन ओढतं, येताना नुसतं फिरतं. एवढं त्यांनी मनात ठेवलं आणि पुढचा प्रश्न टाकला. तो सगळ्यात मोलाचा ठरला.

"लाइट लागते तवा गाडीत दुसरं काही बदलते का? पंखा, हेडलाइट, एसी?"

आता सर खुर्चीत पुढे सरकले. एसीची त्यांची वेगळीच तक्रार होती, तिचा या दिव्याशी संबंध असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. गेले पंधरा दिवस ऊन वाढल्यावर ते सकाळीही एसी लावू लागले होते. मधूनच एसी गार हवा टाकायचा थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. गॅस कमी असेल म्हणून त्यांनी यवतमाळला तपासून घेतला, गॅस भरपूर निघाला. डिसेंबर-जानेवारीत एसीच लावत नव्हते, त्यामुळे तेव्हा असं होत होतं का, हे सांगायला मार्ग नव्हता.

*

हा पिवळा दिवा आपल्या गाड्यांत आला कुठून, हे पाहिलं तर तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट कळतं. त्याचा जन्म गाडी बंद पडू नये म्हणून झालेला नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसवर दाट, डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरायचं. एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून ते धुरकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर नियम आणले, आणि १९८८च्या मॉडेलांपासून अशी अट घातली, की धूर ताब्यात ठेवणारं यंत्र बिघडलं तर गाडीने ते स्वतः ओळखून चालकाला दिवा दाखवावा. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत नव्या गाड्यांना एकाच प्रकारचं सोळा टोकांचं सॉकेट आणि एकाच भाषेतले कोड आले. भारतात बीएस-४ गाड्यांना हीच व्यवस्था दोन टप्प्यांत लागू झाली, १ एप्रिल २०१० आणि १ एप्रिल २०१३. म्हणून सरांच्या २०१७च्या छोट्या पेट्रोल गाडीच्या स्टिअरिंगखाली जे सॉकेट आहे, त्यात घाटंजीतला स्कॅनर बसतो आणि अमेरिकेतलाही बसतो.

दिवा धुराचा पहारेकरी आहे. संगणकाला एखाद्या सेन्सरकडून अशक्य वाटणारा आकडा आला, की तो दिवा लावतो आणि त्या आकड्याचं नाव लिहून ठेवतो. त्या नावाला लोक कोड म्हणतात. ‘हवेच्या दाबाच्या सेन्सरचा व्होल्टेज फार कमी’ असा कोड आला म्हणजे सेन्सर खराब, हा अर्थ माणूस आपल्या मनाने जोडतो. संगणकाने तसं म्हटलेलं नसतं. त्याला एका तारेवर कमी व्होल्टेज दिसला, एवढंच त्याचं म्हणणं असतं. सेन्सर, तार, कपलर, अर्थिंग, फ्यूज, कुणाचंही पाप असू शकतं. सरांचा नवाकोरा सेन्सर याच एका गैरसमजापायी बसवला गेला होता.

दिवा मधूनच का विझतो, याचाही नियम आहे आणि तो मिस्त्रींना तोंडपाठ आहे. काही दोष दिसताक्षणी दिवा लागतो. बरेच दोष आधी कच्च्या नोंदीत जातात आणि पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा पेटतो. पेटलेला दिवा, सलग तीन फेऱ्या दोष न दिसता पार पडल्या, की विझतो. सरांची एक खेप म्हणजे एक फेरी. सोमवारी सकाळी जाताना दिवा लागला, सोमवारची परतीची फेरी स्वच्छ, मंगळवारच्या दोन्ही स्वच्छ, झाल्या तीन. बुधवारी सकाळी किल्ली फिरवली तर दिवा नाही. सर बुधवारीच गॅरेजला आले होते. गाडी त्यांना फसवत नव्हती, नियम पाळत होती.

आणि दिवा विझला तरी नोंद पुसली जात नाही. कोड साधारण चाळीस वेळा इंजिन थंडाचं गरम होईपर्यंत स्मृतीत राहतो. त्याच्यासोबत एक गोठवलेलं चित्रही राहतं: दोष दिसला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, इंजिनवर ओझं किती. हे चित्र म्हणजे चोरी झाली त्या घरातला धुळीवरचा पाय. कोड उडवला की तेही उडतं. बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावलं तरी पुष्कळ गाड्यांत तेच होतं. गावोगावी ‘बॅटरी काढून लावा, लाइट जाते’ हा जो उपाय सांगितला जातो, तो उपाय नाहीच. ज्याला पुढे गाडी दुरुस्त करायची आहे, त्याच्या हातातला पुरावा पुसून टाकणं आहे. याबद्दल मिस्त्री फार कळवळून बोलतात, आणि ते बरोबर आहे.

या वेळी सुदैवाने सरांनी कोड कुणाला उडवू दिला नव्हता.

*

स्कॅनर लावला. दोन कोड होते. पी-०१०७: हवेच्या दाबाच्या सेन्सरचा व्होल्टेज कमी. पी-०५३२: एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा व्होल्टेज कमी. आधीच्या वर्कशॉपच्या बिलावर पहिलाच लिहिलेला होता. दुसरा त्यांनी पाहिला नव्हता की एसीचा म्हणून सोडून दिला होता, कोण जाणे. गोठवलेल्या चित्रात वेग ताशी ३४ किलोमीटर, इंजिनचे फेरे चोवीसशेच्या वर, ओझं भरपूर, पाणी नव्वदच्या पुढे. दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढणारी, तापलेली गाडी.

एक सेन्सर इंजिनच्या हवेच्या नळीवर, दुसरा एसीच्या पाइपवर. एक इंजिनला श्वास किती मिळतो ते सांगतो, दुसरा गार हवेच्या गॅसचा दाब. दोघांचं कामात काही नातं नाही. मग दोघंही एकाच वेळी खोटं का बोलावेत?

इथे थोडं थांबून तारांकडे पाहावं लागतं. अशा सेन्सरला साधारण तीन तारा असतात. एका तारेने संगणक त्याला नेमके पाच व्होल्ट देतो, दुसरी अर्थ, तिसरीने सेन्सर आपलं उत्तर परत पाठवतो. पाच व्होल्टचा हा पुरवठा प्रत्येक सेन्सरला वेगळा नसतो. एकाच तारेला पुढे फाटे फुटून दोन-चार सेन्सर त्यावर जगतात. एका विहिरीवर दोन वाडे भरावेत तसं. विहिरीतलं पाणी आटलं तर दोन्ही वाड्यांतले हंडे एकाच दिवशी रिकामे जातात, आणि त्यात हंड्याचा दोष नसतो. पाच व्होल्टची ती तार कुठेतरी उघडी पडून इंजिनच्या लोखंडाला टेकली, की क्षणात तिचा व्होल्टेज शून्याजवळ जातो आणि तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदमच ‘कमी, कमी’ म्हणू लागतात. गॅसचा दाब शून्यावर गेला असं समजून संगणक एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. इंजिनला हवा किती जाते ते कळेना म्हणून अंदाजपंचे पेट्रोल देतो आणि पिकअप मरतं.

आधी मिस्त्रींनी नव्या सेन्सरची निर्दोष सुटका केली. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली की हवेच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या वातावरणाचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, यवतमाळच्या उंचीवर ९६च्या जवळ. स्कॅनरवर ९८ आला. मिस्त्री हा आकडा गॅरेजमध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीत पाहतात, घाटंजीची हवा किती भरते हे त्यांना ठाऊक आहे. सेन्सर खरं बोलत होता.

मग मल्टिमीटर. काटा आत मारून वायरीला भोक पाडायचं नाही, कपलरच्या मागच्या बाजूने पातळ पिन सरकवायची, हे ते पोराला दर वेळी बजावतात. आज पाडलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षीचा दोष आजच पेरला जातो. जुन्या सवयीने बल्बचा टेस्ट लॅम्पही लावायचा नाही, त्याची ओढ या नाजूक तारेला सोसत नाही. मीटर दाखवत होता ५.०१. इंजिन चालू केलं, ५.०१. रेस दिली, ५.०१. पोराने वायरिंगचे गुच्छ एकेक करून हलवले. काही नाही.

बहुतेक गॅरेजांत काम इथे संपतं. ‘सध्या काही दिसत नाही, पुन्हा लागली तर आणा.’ हे वाक्य खोटं नसतं, पण ते ऐकून माणूस गाडी घेऊन जातो तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, ते सरांच्या चेहऱ्यावर मिस्त्रींनी सकाळीच पाहिलं होतं. दोष येत नसेल तर त्याला बोलावून आणायचा. तो ज्या परिस्थितीत येतो, ती परिस्थिती गॅरेजमध्ये उभी करायची. हे कुठल्याही स्कॅनरच्या पडद्यावर लिहून येत नाही.

चढावर काय होतं? इंजिन ओढतं. आणि ओढताना ते आपल्या फाउंडेशनच्या रबरांवर एका अंगाला कलतं, कधी बोटभर तर कधी त्याहून जास्त. उतारावर कलत नाही. जागेवर नुसती रेस दिली तरी फारसं कलत नाही, कारण चाकांचं ओझं नसतं. सर जाताना ज्या हालचालीत दिवा लागत होता, ती हालचाल गॅरेजमध्ये झालीच नव्हती.

मिस्त्रींनी सगळ्यांना बाजूला केलं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही, हा या तपासणीचा पहिला नियम. चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. स्वतः आत बसले, पाय ब्रेकवर घट्ट, पहिला गिअर, आणि क्लच हळूच इतका सोडला की इंजिन ओढू लागलं पण गाडी जागची हलली नाही. पोरगा गाडीच्या बाजूने वाकून मीटर पाहत होता. मीटरला कमाल-किमान नोंद ठेवायला लावलं होतं, कारण डोळा चुकला तरी मीटरने चुकू नये.

"पडला! पडला मिस्त्री! शून्य पॉइंट तीन!"

स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला होता. तीन महिने यवतमाळच्या रस्त्यावर लपाछपी खेळणारा दोष घाटंजीच्या पत्र्याखाली, सगळ्यांच्या समोर उभा होता. सरांनी टाळी वाजवली नाही एवढंच. एखाद्याने आपल्यावर शेवटी विश्वास ठेवावा, तसं त्यांना वाटलं असणार.

*

जागा शोधणं मात्र अजून बाकी होतं. एसीच्या सेन्सरचं कपलर काढलं. पुन्हा कलवून पाहिलं, तरीही पडतोच. हवेच्या सेन्सरचं काढलं, तरीही. म्हणजे दोन्ही सेन्सर निर्दोष, तारच गुन्हेगार. तार कुठून कुठे जाते? संगणकाकडून निघते, इंजिनच्या मागच्या अंगाने, हवेच्या नळीच्या पोटाखालून पुढे येते. तिथे ना हात पोचतो ना नजर. मिस्त्रींनी हवेचं फिल्टर, त्याचा डबा, नळी असं एकेक उतरवलं. टॉर्च मारला. आणि ते काही न बोलता बाजूला झाले, सरांनाच पाहू दिलं.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर, लोखंडाच्या खोबणीत, कापूस होता. मुठीएवढा, धुळीने करडा पडलेला, त्यात सरकीची पाच-सहा फोडलेली टरफलं. शेजारून जाणाऱ्या वायरिंगचं काळं कवच चार बोटं कुरतडलेलं. आत तीन तारा उघड्या, त्यातल्या एकीचं तांबं चकचकीत. इंजिन सरळ असताना ती तार लोखंडापासून जेमतेम काडीभर दूर. कललं की टेकत होती.

सर काही वेळ तसेच वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, आमच्या घरी कापूस भरून आहे."

यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. कापसाचा पट्टा हा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते, भाव मनासारखा नसतो, आणि ज्याला थोडंफार थांबणं परवडतं तो कापूस घरातच भरून ठेवतो. खोलीत छतापर्यंत, कधी ओसरीवर, कधी देवघराच्या शेजारच्या खोलीत. सरांची शेती त्यांचे भाऊ पाहतात. वाटणीचा कापूस सरांच्या घरी, पोर्चला लागून असलेल्या खोलीत नोव्हेंबरपासून पडून होता. सरकीच्या तेलकट दाण्यासाठी उंदीर त्या खोलीत येत होते. आणि डिसेंबरच्या थंडीत, संध्याकाळी यवतमाळहून आलेली गाडी भिंतीच्या पलीकडे दोन-तीन तास गरम असायची. शेकायला जागा, खायला सरकी, अंथरायला कापूस. दिवा डिसेंबरमध्येच का सुरू झाला, या सकाळच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुपारी अडीच वाजता मिळालं.

उंदीर तार खातो, असं लोक म्हणतात. तो खात नाही. उंदीर, घूस, खार ही सगळी कृंतक जातीची जनावरं. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवत ठेवण्यासाठी त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. वायरीचं कवच दाताला मऊ लागतं, वाटेत येतं, म्हणून कुरतडलं जातं. याला उपाय म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं, डांबरगोळ्या ठेवणारे घाटंजीत पुष्कळ आहेत. मिस्त्री त्यांना नावं ठेवत नाहीत, पण भरवसाही देत नाहीत. विषाला मात्र ते ठाम विरोध करतात. विष खाल्लेला उंदीर गाडीतच, एसीच्या हवेच्या वाटेत जाऊन मेला, तर अख्खा डॅशबोर्ड खोलायची वेळ येते. त्यांनी अशा दोन गाड्या खोललेल्या आहेत.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. तिन्ही तारांचा कुरतडलेला भाग कापून त्याच जाडीची नवी तार जोडली, सोल्डर केलं, प्रत्येक जोडावर आकसणारी नळी चढवून गरम केली, वर कापडी टेप, त्यावर नवं कवच. जोड एका रांगेत न ठेवता मागे-पुढे ठेवले, म्हणजे गुच्छ जाड होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो वायरिंगला लोखंडापासून दूर बांधून ठेवणारी क्लिप बसवण्यात. मूळची क्लिप तुटून गेली होती, बहुधा आधीच्या एखाद्या कामात. ती जागेवर असती तर तार कुरतडूनही कदाचित टेकली नसती.

पुन्हा ठोकळे, पुन्हा ब्रेक, पुन्हा क्लच. ५.०१, ५.०१, ५.०१. इंजिन कलत होतं, आकडा हलत नव्हता. त्यानंतर मिस्त्रींनी आधी दोन्ही कोड आणि गोठवलेले आकडे वहीत उतरवून घेतले आणि मगच कोड उडवले. बिल ऐकून सरांनी दोनदा विचारलं, एवढंच का म्हणून. नवा पार्ट एकही बसला नव्हता. जुन्या बिलातला साडेचार हजारांचा सेन्सर गाडीत होता तसाच राहिला, तोही बिचारा चांगलाच होता.

*

प्रत्येक दिवा इतका वेळ खात नाही. काही महिन्यांपूर्वी पांढरकवड्याकडून आलेल्या एका गाडीचा दिवा नुसता लागत नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकणाऱ्या दिव्याला थांबून विचार करायला वेळ नसतो: त्याचा अर्थ एखादा सिलिंडर जळण न जाळता तसंच बाहेर फेकतो आहे, आणि ते पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो भाजून निकामी होतो. त्या मालकाला मिस्त्रींनी फोनवरच गाडी बाजूला लावायला सांगितलं. पावसात भिजलेली इग्निशन कॉइल होती, बदलली आणि प्रश्न मिटला.

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांचं वेगळंच दुखणं येतं. त्यांच्या सायलेन्सरमधली काजळी धरणारी जाळी गावातल्या गावात फिरून भरत जाते, कारण ती जाळून साफ करायला लागणारा ताप छोट्या फेऱ्यांत तयारच होत नाही. तिचा दिवा वेगळा असतो, पण लोक त्यालाही इंजिनची लाइटच म्हणतात. मिस्त्री आधी बाकी काही कोड नाही ना, हे पाहतात, आणि नसेल तर औषध म्हणून रस्ता लिहून देतात: पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर चढायचं आणि वीस मिनिटं एका वेगाने गाडी चालवायची, मधे बंद करायची नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा रस्ता जवळून जातो, त्याचा हाही एक उपयोग.

सरांना मात्र दुरुस्तीनंतर मिस्त्रींनी एक काम सांगून ठेवलं होतं. घरच्या कालनिर्णयवर रोज एक खूण करायची, दिवा लागला तर लाल, नाही तर साधी. निदान वीस शाळेचे दिवस. जाण्या-येण्याच्या चाळीस फेऱ्या. एसी लावलेला असेल तर तेही लिहायचं. सरांनी विद्यार्थ्याच्या निष्ठेने ते केलं. मार्चचं पान आणि एप्रिलचं अर्धं पान साध्या खुणांनी भरलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले, कॅलेंडरची पानंच फाडून घेऊन. मिस्त्रींनी सॉकेटला स्कॅनर लावला. पक्का कोड नाही, कच्चा नाही. किल्लीवरचा दाब ९८. वहीत सरांच्या गाडीच्या पानावर त्यांनी तारीख टाकली.

मग सरांनी खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढली. मधल्या आठवड्यात कापूस विकला गेला होता, खोली रिकामी झाली होती, आणि झाडताना दाराच्या मागच्या कोपऱ्यात घरटं सापडलं होतं. पुडीत कापसाचे गोळे, सोयाबीनचा भुसा, आणि त्यात मिसळलेले प्लास्टिकचे बारीक तुकडे, तांदळाच्या कणीएवढे, निळे, त्यावर पिवळी रेघ. मिस्त्री आत गेले. कापून काढलेल्या तारांचा तुकडा त्यांनी पोरांना दाखवायला डब्यात जपून ठेवला होता. तो त्यांनी पुडीशेजारी धरला. निळी तार, पिवळी रेघ.

"हेच होय जी," सर म्हणाले.